सोळा तासांची रात्र

विहिणीच्या तोंडात मी बोट घातलं तेव्हा तिनं ते कचकचून चावलं. रक्त आलं. मी बोट काढलं नाही. दुसऱ्या हातातली साखरेची पुडी दातानं फाडली आणि ती साखर तिच्या हिरड्यांवर चोळत राहिले. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती. तिचा प्रवासासाठी नवा शिवलेला पंजाबी ड्रेस घामानं पाठीला चिकटला होता, जसं कोणी बादलीभर पाणी ओतलंय. माझी मुलगी अमेरिकेत दिवस भरत आलेली, आणि तिच्या सासूचा जीव इथं विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर चालला होता. तो कशामुळं चालला होता हे त्या विमानात फक्त मला माहीत होतं.

"अम्मा, हटिए, आप हटिए," विमानातली मुलगी म्हणाली.

"हटणार नाय," मी मराठीतच म्हणाले. "डॉक्टर बघ आधी. शुगर गिर गयी इसकी. शुगर!"

ती पळाली. खिडकीबाहेर काळोख होता. माझ्या मनगटावरच्या घड्याळात सकाळचे आठ पन्नास झाले होते.

मी देवगाव रंगारीची. चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न होऊन शहरात आले आणि नवऱ्याबरोबर तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. नवरा गेला, गिरणी विकली. एकच मुलगी. ती शिकली, तिचं लग्न शहरातल्याच छावणी भागातल्या मुलाशी झालं आणि दोघं न्यूयॉर्कजवळ राहायला गेले. मुलाची आई म्हणजे ही विहीण. तिचा नवरा लष्कराच्या कचेरीत कारकून होता, स्वतः मॅट्रिक झालेली, हिंदी फाडफाड बोलते. तोंडावर आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो. इथं लिहिताना मी तिला 'ती'च म्हणणार आहे. ती माझ्याबद्दल कुठं काही लिहील तर तीही तेच करील.

आमचं लग्नापासूनच बिनसलेलं. मी मानपानाची म्हणून दिलेली साडी तिनं मांडवातच भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकली. ती बाई दुपारी तीच साडी नेसून माझ्यासमोरून खरकटी ताटं घेऊन गेली. त्या बाईला साडी चांगली दिसत होती, पण तो मुद्दा नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. मुलगी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानं तिकडं जायचं, इतकं ते सरळ होतं. मी डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा असं सगळं निवडून, भाजून, पिशव्या शिवून ठेवलं. आठ दिवसांनी विहिणीचा फोन आला.

"मी पण येतेय हो. घर माझ्या लेकाचं आहे. तिथं तुम्ही एकट्या पाहुण्यासारख्या कशाला अवघडून राहायच्या?"

"पाहुणी कशी? लेक माझी हाय."

"लेक तुमची, पण बाळ आमच्या घराण्याचं ना!"

जावई भोळा. त्याला वाटलं, दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना सोबत होईल. त्यानं एकाच विमानाची, शेजारशेजारच्या खुर्च्यांची तिकिटं काढून पाठवली.

आता चूक कुठं झाली ते सांगते. ती माझीच आहे.

तिकिटाचा कागद मी समोर धरून वाचला. इंग्रजी येत नाही, पण आकडे कोणालाही वाचता येतात. मुंबईहून निघायचं रात्री दीडला. न्यूयॉर्कला पोचायचं सकाळी सातला. दीड ते सात, साडेपाच तास. मुलगी मात्र फोनवर सारखं म्हणत होती, "आई, सोळा तास लागतात, पाय सुजतात, मधूनमधून उठून चालायचं. साडेबारा हजार किलोमीटर आहे. मधे अख्खा समुद्र आहे."

मी विचार केला, सोळा कुठून आले? मग लक्षात आलं. घरून गाडीनं दुपारी तीनला निघायचं ठरलं होतं. तीनपासून रात्री दीडपर्यंत साडेदहा. वरचे साडेपाच. झाले सोळा. पोरगी घराच्या उंबऱ्यापासून धरून सांगतेय. हिशोब इतका नेमका बसला की तो चुकीचा असेल हे डोक्यातच आलं नाही.

तिकडं आपल्या उलट दिवस-रात्र असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मुलगी सकाळी फोन करायची तेव्हा तिच्या खिडकीत अंधार असायचा. पण एका तिकिटावर, एकाच ओळीत, दोन गावांची दोन घड्याळं छापलेली असतील हे कसं समजायचं? एसटीच्या तिकिटावर असं नसतं. आणि इथून मुंबईला विमान एका तासात जातं, साडेतीनशे किलोमीटर. साडेबारा हजाराला किती लागतील, हा भागाकार मी केला नाही. भागाकार मला येतो.

मी विहिणीला फोन केला. आपल्याला कळलेलं तिला कळलेलं नाही, याचा मला आनंद झाला होता.

"विहीणबाई, घाबरू नका. विमानात साडेपाच तासच बसायचं हाय."

"सोळा म्हणतो ना आमचा."

"घरापासून धरून म्हणतो तो. तीनला निघायचं, सातला पोचायचं. मोजा बोटावर."

ती मोजताना मला फोनवर ऐकू आलं. चार, पाच, सहा. मग म्हणाली, "बरोबर आहे. गिरणीवाल्यांचं गणित पक्कंच असायचं."

मग तिनं तिचं सांगितलं. निघायच्या दिवशी एकादशी येत होती. ती एकादशी निरंकार धरते, म्हणजे पाण्याशिवाय काही नाही, साबुदाणासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की बारस सोडायची, म्हणजे तुळशीचं पान तोंडात टाकून जेवायचं. चाळीस वर्षांचा नेम.

"तुम्हाला साखरेचा आजार," मी म्हणाले.

"उपासाच्या दिवशी मी गोळी घेत नाही. दुसऱ्या दिवशी बारस सोडायच्या अर्धा तास आधी घेते. डॉक्टरला काय कळतंय? सातला पोचलो की उजाडलेलंच असेल. छान जमतंय."

म्हणजे तिचा उपास माझ्या साडेपाच तासांवर उभा होता.

मुंबईला पोचेपर्यंत आमच्यात फारसं वाकडं झालं नाही. ती पुढं ड्रायव्हरजवळ बसून त्याला रस्ता सांगत होती, जो त्याला माहीत होता. मी मागं पिशव्यांत बसले होते. विमानतळावर तिनं चाकाची खुर्ची मागवली. पाय चांगले ठणठणीत आहेत तिचे. खुर्ची ढकलायला आलेल्या बाईनं विचारलं, "और ये आपके साथ हैं?"

विहीण मान न वळवता म्हणाली, "हाँ, ये काम के लिए आ रही है. डिलीवरी है ना बहू की."

त्या बाईनं मग माझ्या हातात विहिणीची पिशवी दिली. मी ती घेतली. तीस वर्षं गिरणीत लोकांचं ऐकलं, ऐकायचं आणि दळत राहायचं. पण मी काही विसरत नाही.

विमानात खिडकीची जागा तिनं घेतली. विमान उडालं, तासाभरानं जेवण आलं. मी उपासबिपास करत नाही, मी सगळं खाल्लं. चहाबरोबर आलेल्या साखरेच्या पुड्या पिशवीत टाकल्या.

"इथलं सगळं घरी नेणार का?" ती म्हणाली.

"तुमची पण द्या. तुम्हाला नको हाय ना."

तिनं दिली नाही. ट्रे तसाच्या तसा परत केला.

मग सगळे झोपले. मला झोप आली नाही. बरोबर साडेसहाला विहिणीनं डोळे उघडले. तिच्या हातावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं, आपल्याकडचीच वेळ लावलेलं, माझ्यासारखंच. तिनं पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. संडासात जाऊन तोंड धुऊन, कुंकू लावून आली. मांडीवर डबा ठेवला. त्यात तुळशीचं पान आणि दुधात भिजवलेल्या पिठाच्या दोन गुळाच्या दशम्या. मग खिडकीचं झाकण वर केलं.

बाहेर काहीच नव्हतं. पंखावरचा एक दिवा लुकलुकत होता, बाकी काळं.

"सात वाजत आले ना?" ती म्हणाली.

"पाच कमी."

"उतरायला लागलं पाहिजे आता."

विमान काही उतरत नव्हतं. मला पाय मोकळे करायचे होते म्हणून मी उठून मागं गेले. तिथं विमानातला एक पोरगा कप लावत होता.

"बेटा, न्यूयॉर्क कब आयेगा?"

तो हसला. "अम्मा, अभी तो दस घंटे और हैं. आराम से सो जाइए."

"दस? घड्याळ में तो सात बज गये."

"वो इंडिया का टाइम है अम्मा. वहाँ अभी रात है. हम रात के साथ-साथ ही जा रहे हैं."

मी तिथंच पडद्याला धरून उभी राहिले. सगळा हिशोब तेव्हा डोक्यात आपोआप पुन्हा मांडला गेला, आणि या वेळी बरोबर. दीडपासून सोळा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. तोवर अंधार. विहिणीनं गोळी घेतलेली, पोटात चोवीस तासांहून जास्त अन्न नाही, आणि सूर्य दिसल्याशिवाय ती खाणार नाही.

माझ्या नवऱ्याला पंधरा वर्षं हाच आजार होता. गोळी घेऊन खाल्लं नाही तर काय होतं ते मी माझ्या स्वयंपाकघरात दोनदा बघितलंय. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी जागेवर येऊन बसले.

"काय म्हणतात?" विहिणीनं विचारलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "काही नाय. संडासाला गेले होते."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. मला तिला मारायचं नव्हतं. मला ती उपाशी राहायला हवी होती. चाकाच्या खुर्चीत बसून मला मोलकरीण म्हणणारी बाई मांडीवर डबा धरून सूर्याची वाट बघत बसलीय, आणि सूर्य कुठं आहे ते फक्त मला माहीत आहे, हे मला गोड लागत होतं. थोडा वेळ बसू दे, मग सांगू, असं वाटत होतं. शिवाय सांगितलं असतं तर माझं साडेपाच तासांचं गणित चुकलं हेही सांगावं लागलं असतं.

साडेसातला ती म्हणाली, "लेट झालंय वाटतं."

"असेल."

"घड्याळ पुढं पळत नाही ना माझं?"

"माझं पण तेच दाखवतंय."

"उपास तर सूर्य बघूनच सोडायचा. घड्याळावर सोडायचा नसतो." असं म्हणून तिनं डब्याला झाकण लावलं.

आठला ती चिडली. उकडतंय म्हणाली. विमानात इतकी थंडी होती की मी दोन घोंगड्या पांघरल्या होत्या. मग म्हणाली, माझा कोपर तिला लागतोय. मी कोपर घेतला. सव्वाआठला तिनं पुढच्या खुर्चीवर थाप मारली आणि ओरडली, "अरे थांबव! वळण गेलं मागं! छावणीचं वळण गेलं!"

पुढचा माणूस दचकून उठला. माझ्या मनात आलं, नाटक करतेय. खरंच आलं तसं मनात. मी म्हणाले, "विहीणबाई, लोक झोपलेत."

"तुम्ही कोण?" ती म्हणाली.

तेव्हा मी तिचा हात धरला. तो गार आणि ओला होता. दशमीचा तुकडा तोडून मी तिच्या तोंडाशी नेला, तिनं तोंड फिरवून भिंतीला लावलं. पाणी पाजायला गेले तर हातानं उडवलं. असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. मी घंटा वाजवली, कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग तिची मान पडली आणि दातखीळ बसली, आणि मी पिशवीतल्या पुड्या काढल्या. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

विमानात डॉक्टर आहे का म्हणून पुकारलं तेव्हा एक तरुण डॉक्टरीण आली, हैदराबादची, डोक्याला रुमाल बांधलेली. तिनं विहिणीचं बोट टोचून रक्त तपासलं आणि तोंडानं च्यक केलं. विमानातल्या पेटीतून औषध काढून हाताच्या शिरेत सुई घातली. हे सगळं करता करता मला विचारत होती.

"अम्मी, इनों शुगर के मरीज हैं?"

"हाँ."

"गोली कब लिये?"

"साढ़े छह बजे."

"पक्का?"

"मैंने देखा ना."

"उसके बाद क्या खाये?"

"कुछ नहीं. कल सुबह से कुछ नहीं. उपास है."

सुई टोचता टोचता तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. "आपकू मालूम था गोली के बाद खाना पड़ता?"

"मालूम था."

"फिर खिलाये कायकू नै?"

तिला उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता, ती पुन्हा कामाला लागली. त्या एका गोष्टीसाठी मी तिचे आभार मानते.

विमान चालवणाऱ्याचा निरोप आला. अजून खाली जमीन होती. दीड तासानं समुद्र लागणार होता आणि एकदा तो लागला की चार तास कुठं उतरता येणार नव्हतं. बाईला उतरवायचं असेल तर आताच सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. डॉक्टरीण म्हणाली, सुईतून दिलेली साखर तासभर टिकेल, पण गोळीचा अंमल दिवसभर राहतो. साखर पुन्हा पुन्हा पडणार. शुद्धीवर येऊन तासातासाला खात राहिली तर पुढं नेऊ. खाल्लं नाही तर मी जबाबदारी घेणार नाही, उतरवा.

उतरवा म्हणजे कुठं? कोणत्या देशात, कोणत्या दवाखान्यात, किती दिवस? तिकडं मुलगी दिवस मोजत होती. पण खरं सांगायचं तर मुलीचा विचार नंतर आला. आधी एवढंच आलं की समुद्रावर ही मेली तर मी हिच्या शेजारी चार तास बसून राहणार.

सुईनं काम केलं. विहिणीनं डोळे फिरवले, मग माझ्यावर आणून थांबवले.

"तोंडात काय घातलंत माझ्या?"

"साखर."

"उजाडलं?"

"नाय. पण खा आता. डबा उघडते."

"बाजूला ठेवा तो."

"विहीणबाई, साखर गेलीय पोटात. उपास मोडलाय तुमचा."

"बेशुद्धीत गेलेलं धरत नाहीत," ती म्हणाली. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, पण शब्द सगळे जागेवर. "सूर्य दिसल्यावर खाईन."

डॉक्टरीण कमरेवर हात ठेवून उभी होती. विमानातली मुलगी निरोप न्यायला थांबली होती. मग मी बोलले, दोन तासांपूर्वी बोलायला पाहिजे होतं ते.

"सूर्य इथं दिसणार नाय. अजून आठ तास अंधार हाय, विमान रात्रीबरोबर चाललंय. आपल्याकडं उजाडून दोन तास झाले. छावणीत दूधवाला येऊन गेला असेल. एकादशी तुम्ही तिथली धरली, मग सोडायची पण तिथल्याच सूर्यावर. घड्याळ बघा. सव्वानऊ."

"आठ तास? कोण म्हणतं?"

"विमानातला पोरगा."

"कधी म्हणाला?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. आताच म्हणाला, एवढं म्हणायचं होतं. पण दमले होते, आणि बोट ठणकत होतं.

"सात वाजता."

तिनं मनगट डोळ्याजवळ नेऊन घड्याळ बघितलं. मॅट्रिकची वजाबाकी केली.

"सव्वादोन तास."

"व्हय."

"मी गोळी घेतलेली तुम्ही बघितली होती."

"बघितली होती."

"आणि गप्प बसलात."

"व्हय."

"का?"

"विमानतळावर काय म्हणालात ते आठवा."

"काय म्हणाले?"

"कामासाठी आणलीय म्हणालात मला."

ती विचारात पडली. तिला खरंच आठवत नव्हतं. मग म्हणाली, "मग कशाला चाललाय तुम्ही? काम करायलाच ना?"

मी बोटावरचं रक्त पुसलं.

"आणा तो डबा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं मेले असं छावणीत कोणी म्हणायला नको."

तिनं तुळशीचं पान तोंडात टाकलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि दशमी खाल्ली. खाताना मला तुकडा तोडू दिला नाही. डॉक्टरीण विमानातल्या मुलीला म्हणाली, "चलने दो."

मग समुद्र लागला. मी तो बघितला नाही, कोणीच नाही बघितला, खाली सगळं काळंच होतं. समोरच्या काचेवर निळ्या रंगावर एक छोटं पांढरं विमान सरकत होतं, तेही सरकतंय असं वाटायचं नाही. त्याच्या खाली आकडे होते, किती किलोमीटर उरले, किती तास उरले. मी ते वाचत बसले. चार हजार नऊशे. चार हजार सहाशे. गिरणीत कोणाचं दळण कधी निघेल हे मी पीठ हातात घेऊन सांगायचे. इथं हातात घ्यायला काही नव्हतं.

दर तासाला मी तिला काहीतरी द्यायचे. बिस्किट, केळं, ज्यूस.

"घ्या."

"ठेवा."

"ठेवा नाय, खा."

खायची. आमचं बोलणं तेवढंच. समुद्राच्या मधोमध, आपल्याकडचे दुपारचे एक वाजले असतील, तिला पुन्हा घाम फुटला. या वेळी मी कपाळाला हात लावल्याबरोबर उठले आणि डॉक्टरणीला झोपेतून हलवलं. बोट टोचलं, आकडा पुन्हा खाली गेलेला. पुन्हा सुई. विमानातल्या मुलीचं तोंड पांढरं पडलं होतं. तेव्हा उतरवा म्हणायलासुद्धा जागा नव्हती. मी विहिणीचे पाय चोळत बसले. ती शुद्धीत होती, माझ्याकडं बघत होती, आणि मला कळत होतं ती काय विचार करतेय. हिच्याचमुळं झालं आणि आता हिच्याच हातात पाय आहेत. मीही तोच विचार करत होते.

अर्ध्या तासानं आकडा वर आला. त्यानंतर पडला नाही.

उतरायच्या थोडं आधी खिडकीत खालच्या बाजूला एक तांबडी रेघ दिसली. घड्याळात संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. विहिणीनं हात जोडले. मला बघायला जागा द्यावी असं तिला वाटलं नाही आणि मी मागितलीही नाही.

डॉक्टरीण जाताना माझ्या बोटाला पट्टी बांधून गेली. "अम्मी, अब इनकू अकेला नक्को छोड़ो," एवढंच म्हणाली.

बाहेर जावई उभा होता. आई चाकाच्या खुर्चीत, हाताला चिकटपट्टी, त्याचं तोंड उतरलं. "काय झालं आई?"

मी खुर्चीच्या मागं उभी होते. मला वाटलं, आता सांगणार. सांगितलं असतं तर त्या घरात मला उभं राहायला जागा उरली नसती. मुलीजवळ बसायला, तिचं डोकं धुवायला, बाळाला अंघोळ घालायला, ज्यासाठी मी निघाले होते त्या कशालाच नाही.

विहीण म्हणाली, "काही नाही रे. उपासानं चक्कर आली. तुझी सासू गणितात कच्ची आहे, एवढंच."

मुलगी तेराव्या दिवशी बाळंत झाली. मुलगी झाली. तीन महिने आम्ही दोघी एका खोलीत झोपलो. विहिणीनं कोणाला काही सांगितलं नाही, आणि मला एक दिवस सुखानं राहू दिलं नाही. बाळाला तेल कोणी लावायचं, धुरी कोणी द्यायची, अळिवाची खीर किती घट्ट हवी, कशावरूनही वाजलं की ती सगळ्यांसमोर दोन बोटं वर करायची. दोन तास. मुलीला वाटायचं सासूबाई विजयाची खूण करतात, ती हसायची. मी जागेवरून उठून बाळ तिच्या हातात द्यायचे. तीन महिन्यांत ती असं किती वेळा जिंकली ते मी मोजलं नाही.

परत येताना मी मुलीला सांगून तिकिटं वेगवेगळ्या आठवड्यांची काढून घेतली. का, ते विचारू नको म्हणाले. तिनं विचारलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. विहीण छावणीत असते, मी इकडं. एकादशी ती अजून धरते. सणावारी कुठं लग्नात भेट झाली तर 'बऱ्या आहात का' एवढं होतं, तेही मुलीकडं बघून. हैदराबादच्या त्या डॉक्टरणीचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशी विमानात एक बाई दोनदा मरता मरता राहिली आणि दुसरीनं तिला आधी मरू दिलं, मग मरू दिलं नाही. दोघीही जिवंत आहोत.